प्लग किती आवळावा?

संतवाङ्मय, चिमाजीअप्पांची वसईची मोहीम, अर्थसंकल्प अशा विषयांच्या रांगेत मोटारीच्या प्लगाचे नाव वाचून काही श्रोत्यांना हसू आले, हे आम्ही व्यासपीठावरून पाहिले. त्याचे आम्हांस वाईट वाटले नाही. हसणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या दारात मोटार किंवा फटफटी उभी असते आणि तिचा प्लग कोणी, कसा, किती आवळला याची त्यांना कल्पना नसते. आमच्याकडे हा विषय आला तो पुस्तकातून नव्हे, एका पगारकपातीतून आला.

वसई पूर्वेच्या एका गॅरेजात एक पोऱ्या कामाला होता. वय वीस-एकवीस, हात चांगला. एका मोटारीचे चार प्लग बदलताना तिसरा प्लग आवळता आवळता एकदम हलका लागला आणि पाना मोकळा फिरू लागला. ज्यांनी हे काम केले आहे त्यांना त्या क्षणी पोटात काय होते ते सांगावयास नको. सिलिंडर हेडचे आटे गेले होते. हेड उतरवून आट्यांचे काम करून आणावे लागले, आणि तो सारा खर्च मालकाने पोऱ्याच्या पगारातून कापावयास सुरुवात केली. मुलगा युनियनच्या कचेरीत आला. आम्ही मालकाला भेटलो तेव्हा तो म्हणाला, "त्याने जास्त आवळला." आम्ही विचारले, "किती आवळावयास हवा होता?" मालक गप्प. मिस्त्री म्हणाला, "हाताला कळते." पोऱ्या म्हणाला, "मी रोजच्या इतकाच आवळला. फक्त मिस्त्रींनी सांगितले म्हणून ग्रीज लावले होते." या एका वाक्यात सगळे उत्तर होते, पण ते ओळखण्याइतके ज्ञान त्या दिवशी आमच्याकडेही नव्हते. प्लगांच्या खोक्यावरचे आणि आतल्या कागदावरचे बारीक अक्षर वाचण्यापासून आम्ही सुरुवात केली.

प्लगाचे काम ठिणगी पाडण्याचे, एवढे सर्वांस ठाऊक असते. पेट्रोल व हवा यांचे मिश्रण दट्ट्याने दाबले गेले की अगदी नेमक्या क्षणी त्यात ठिणगी पडावी लागते. जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातील गोटलोब होनोल्ड या इंजिनियराने १९०२ साली उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला ठिणगीचा प्लग सिद्ध केला, तेव्हापासून मोटारीचे हे अंग स्थिरावले. आपल्याकडे त्याच बॉशच्या सहकार्याने बंगळुरास १९५१ मध्ये मोटार इंडस्ट्रीज कंपनी निघाली. तिच्या आद्याक्षरांवरून झालेले "मायको" हे नाव प्लगाच्या संदर्भात महाराष्ट्रातल्या प्रत्येक गॅरेजात पोहोचले होते. (किल्लाबंदर-पाचूबंदरच्या मोठ्या मच्छीमार बोटींची इंजिने डिझेलची, त्यांत हवा इतकी दाबली जाते की इंधन आपोआप पेटते, ठिणगीचा प्लग लागतच नाही. कोळी बांधवांची या एका कटकटीतून सुटका आहे, बाकीच्या कटकटी त्यांना पुरेशा आहेत.)

परंतु प्लगाचे दुसरेही एक काम आहे, आणि ते फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. स्फोटाची उष्णता त्याच्या टोकाला सतत भाजत असते. टोक साधारण ५०० ते ८५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहिले पाहिजे. त्याहून थंड राहिले तर काजळी जळून जात नाही आणि ठिणगी चुकू लागते. ९०० अंशांच्या वर गेले तर टोकच निखाऱ्यासारखे होऊन ठिणगीच्या आधी मिश्रण पेटवते, आणि दट्ट्याला भोक पडण्यापर्यंत मजल जाते. मग ही उष्णता बाहेर कोणत्या वाटेने जाते? मुख्यतः प्लगाच्या आट्यांतून आणि त्याच्या बुडाशी असलेल्या वॉशरमधून हेडमध्ये, आणि तेथून गाडीच्या पाण्यात किंवा हवेत. म्हणजे प्लग सैल राहिला तर वायू निसटतो एवढेच नव्हे, उष्णतेची वाटही तुटते. "थोडा सैल राहिला तर बिघडले कुठे" असे म्हणणाऱ्याने हे लक्षात घ्यावे.

आता जास्त आवळल्यास काय होते ते पाहू. प्लगाचे कवच पोलादी, आत चिनी मातीसारखा पांढरा दांडा, आणि दोहोंमध्ये वायू निसटू नये अशी पक्की बैठक. मर्यादेपलीकडे पिळल्यावर पोलादी कवच ताणले जाते आणि ती बैठक ढिली होते. वरून प्लग धडधाकट दिसतो, आतून निकामी झालेला असतो. हेड अ‍ॅल्युमिनियमचे असेल तर पोलादापुढे ते मऊ ठरते आणि त्याचेच आटे आधी जातात. जुन्या अ‍ॅम्बॅसडरचे हेड बिडाचे होते, ते बराच अत्याचार सोसत असे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेल्या फियाट आणि पुढे पद्मिनी यांचे हेड मात्र अ‍ॅल्युमिनियमचे होते. मुंबईत शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. तोवर तिच्या हेडांनी कित्येक मिस्त्रींना मनगट आवरावयास शिकवले. आजच्या मोटारींची हेडे जवळजवळ सारी अ‍ॅल्युमिनियमचीच असतात.

तर मग किती आवळावे? यासाठी पिळाचे माप लागते. पुस्तकात त्याला आघूर्ण म्हणतात, गॅरेजात टॉर्क म्हणतात. आम्ही टॉर्कच म्हणू. माप समजावयास सोपे आहे. पान्याचा दांडा एक वीत, म्हणजे अदमासे पंचवीस सेंटिमीटर, धरा. त्याच्या टोकाला दहा किलोचे वजन टांगल्यावर जेवढा पीळ पडेल तो अडीच किलोग्रॅम-मीटर; नव्या मापात सुमारे २५ न्यूटन-मीटर. आता गंमत पाहा. वॉशर असलेला, १४ मिलिमीटर जाडीच्या आट्यांचा प्लग अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये बसवताना प्लग बनवणाऱ्या कंपन्या साधारणपणे २५ ते ३० न्यूटन-मीटर एवढाच टॉर्क सांगतात. वीतभर दांड्यावर दहा-बारा किलो! आणि गॅरेजात काय चालते? दांडा हातभर, त्यावर कधी पाइप चढवलेला, आणि त्यामागे जेवण झालेल्या माणसाचे अर्धे वजन. दांड्याची लांबी दुप्पट केली की त्याच दहा किलोंचा पीळ दुप्पट होतो. १२ मिलिमीटरच्या प्लगाला १५ ते २० न्यूटन-मीटर पुरतात, आणि अनेक फटफट्यांत असतो त्या १० मिलिमीटरच्या प्लगाला अवघे १० ते १२. वॉशर नसलेले, निमुळत्या बुडाचे प्लग असतात. त्यांना त्याच जाडीच्या वॉशरवाल्या प्लगांहून बरेच कमी लागते. अर्थात आपल्या गाडीच्या पुस्तिकेत जो आकडा असेल तोच खरा धरावा.

हे माप पाहून आवळण्याचा जो पाना आहे, टॉर्क रेंच, त्याच्या जन्माची हकिगत आम्हांस फार आवडते. त्याचे श्रेय न्यूयॉर्क शहराच्या पाणीखात्यातील कॉनरॅड बार या गृहस्थाला देतात. जमिनीखालच्या नळांच्या सांध्यांचे बोल्ट कामगारांकडून जास्त आवळले जाऊन तुटत. त्यावर तोड म्हणून १९१८ च्या सुमारास त्याने हा पाना योजला. बोल्ट तुटतो म्हणून कामगाराला दंड करणे सोपे होते. त्याऐवजी नगरपालिकेच्या एका नोकराने कामगाराच्या हाती माप दिले. आमच्या मते हा शोध विजेच्या दिव्याच्या पंक्तीला बसवला तरी चालेल.

येथवर हिशेब सरळ आहे. घोटाळा पुढे आहे.

पान्याला आपण जो जोर लावतो त्यातला फार थोडा भाग प्रत्यक्ष प्लग हेडमध्ये दाबून धरण्याच्या कामी येतो. आट्यांच्या कोणत्याही जोडणीत शंभर भाग जोर लावला तर ढोबळ मानाने पन्नास भाग बुडाशी वॉशर घासण्यात जातात, चाळीस भाग आट्याला आटा घासण्यात, आणि उरलेल्या दहांतून खरी ओढ निर्माण होते. वसईच्या वाड्यांत पूर्वी बागायतीला पाणी देण्यासाठी रहाट चालत, ते येथील वयस्कर मंडळींनी पाहिले असतील. कोरड्या कण्याचा रहाट कुरकुरतो आणि जनावराची निम्मी ताकद त्या कुरकुरण्यातच संपते. कण्याला तेल घाला, तेच जनावर तेवढ्याच ताकदीने जास्त पोहरे वर आणते. प्लगाच्या आट्यांचे तसेच आहे. आट्यांना ग्रीज लावले की घर्षण घटते आणि त्याच जोरात ओढ पुष्कळ वाढते. रहाटाच्या बाबतीत पाणी जास्त मिळते म्हणून आनंद. येथे हेडचे आटे उपटले जातात.

आणि कंपनीने दिलेला आकडा हा कोरड्या, स्वच्छ आट्यांचा असतो. ग्रीज लावलेल्या आट्यांवर तो लागू पडत नाही. टॉर्क रेंचसुद्धा येथे फसतो, कारण तो पीळ मोजतो, ओढ मोजत नाही. मग हाताला काय कळणार? मिस्त्रीचा हात खोटा नव्हता. वीस वर्षे कोरड्या आट्यांवर कमावलेला त्याचा अंदाज बहुधा बरोबरच होता. पण हाताला जाणवतो तो अडथळा. ग्रीजने नेमका तोच काढून घेतला होता. पोऱ्याने रोजच्या इतकाच जोर लावला हे त्याचे म्हणणे शब्दशः खरे होते, आणि प्लग जास्त आवळला गेला हे मालकाचे म्हणणेही खरे होते.

मग मिस्त्रीने ग्रीज लावावयास सांगितलेच कशाला? त्यालाही कारण होते, आणि ते या आपल्या गावात जन्मलेल्या कोणालाही पटेल. खिडकीचे गज, पत्र्याच्या कडा, सायकलची साखळी, काहीही येथे गंजल्यावाचून राहत नाही. १८०० साली इटलीत व्होल्टाने चांदी आणि जस्ताच्या चकत्यांमध्ये खाऱ्या पाण्यात भिजवलेले तुकडे ठेवून पहिली विद्युतघटमाला केली. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट ओल एवढीच तिची सामग्री. प्लगाचे पोलाद, हेडचे अ‍ॅल्युमिनियम आणि अर्नाळ्यापासून नायगावपर्यंत वाहणारा खारा वारा ही तीच सामग्री आहे. अ‍ॅल्युमिनियम हळूहळू खाल्ले जाते, आट्यांत पांढरी भुकटी साठते आणि प्लग जाम होतो. मग काढताना आटे घेऊनच बाहेर येतो, नाहीतर अर्धा तुटून आत राहतो. पूर्वी प्लग वरचेवर काढून घासण्याची पद्धत होती, त्यामुळे त्याला जखडावयास सवड मिळत नसे. आता साधा प्लग तीस-चाळीस हजार किलोमीटर आणि इरिडियमच्या टोकाचा प्लग लाखाच्या आसपास चालतो. कित्येक वर्षे त्याला कोणी हात लावत नाही.

यावर उपाय म्हणून आटे न जखडण्याचे एक खास वंगण मिळते. त्याला अँटी-सीझ म्हणतात; तांबे, निकेल, अ‍ॅल्युमिनियम किंवा ग्राफाइट यांची पूड घातलेले हे दाट मलम असते, म्हणून काही जण त्याला कॉपर ग्रीजही म्हणतात. तेल जळून गेले तरी धातूची पूड दोन आट्यांमध्ये राहते आणि त्यांना एकजीव होऊ देत नाही. मुलामा नसलेल्या, काळपट आट्यांचे प्लग असत त्या काळी ही सवय शहाणपणाची होती. आज मात्र बहुतेक चांगल्या प्लगांच्या आट्यांवर निकेलसारख्या धातूचा चकचकीत मुलामा असतो, आणि तो मुलामाच गंज व जखडणे रोखण्यासाठी दिलेला असतो. म्हणून जपानची एनजीके आणि जर्मनीची बॉश या दोन्ही कंपन्या मुलामा असलेल्या आपल्या प्लगांना वंगण लावू नका असे सांगतात. लावलेच तर टॉर्क सुमारे तीस टक्क्यांनी कमी करावा असे या धंद्यात मानतात. म्हणजे सत्तावीसच्या जागी एकोणीस. हीही अटकळच होय, कारण बोटाला किती ग्रीज आले यावर ते अवलंबून असते. शिवाय ग्रीजमध्ये धातूची पूड असल्याने ते टोकाकडे ओघळले तर वीज ठिणगी न पाडता त्या वाटेने निसटते.

कंपन्या म्हणतात म्हणून सर्वत्र नकोच, असेही आम्ही म्हणणार नाही. अमेरिकेत फोर्डच्या काही इंजिनांत, २००४ ते २००८ च्या गाड्यांत, दोन तुकड्यांचे लांब प्लग काढताना मोडत असत. तेव्हा खुद्द फोर्डनेच नवे प्लग बसवताना निकेलचे अँटी-सीझ लावावयास सांगितले. पण कोठे? आट्यांवर नव्हे, तर आट्यांच्या खालच्या, काजळीने जखडणाऱ्या लांब नळीवर. म्हणजे औषध तेच, पण जागा आणि मात्रा ठरवून दिलेली. आमचे मत विचाराल तर, मुलामा असलेला नवा प्लग कोरडाच बसवावा आणि आकड्याप्रमाणे आवळावा, मग गाडी समुद्राकाठी का उभी राहात असेना. मुलामा नसेल तर ग्रीजचा पातळ हात, तोही टोकाकडचे दोन आटे सोडून, आणि टॉर्क कमी. ग्रीज आणि पुरा टॉर्क हे दोन्ही एकदम कधीच नको.

बाकी कामाची रीत प्रत्येक शहाण्या फिटरला ठाऊक आहे, तरी बोलून ठेवतो. इंजिन थंड झाल्यावरच प्लगाला हात लावावा. उष्णतेने अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते, तेव्हा गरम असताना प्लग सैल निघेल असे गणित करणारे भेटतात. पण गरम अ‍ॅल्युमिनियमचे आटे ओरबाडले जातात आणि हात भाजतो तो वेगळाच. काढण्यापूर्वी भोवतालची धूळ हवेने उडवावी, नाहीतर ती सरळ सिलिंडरात जाते. प्लग जाम लागला तर जोर न करता गंज सोडवणारे तेल घालून थांबावे आणि पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे करीत काढावा. नवा प्लग बसवताना सुरुवातीला पाना मुळीच वापरू नये. रबरी नळीचा वीतभर तुकडा प्लगाच्या डोक्यावर चढवून त्याने फिरवावा. आटे वाकडे लागत असतील तर रबर घसरते आणि हेड वाचते. बोटांनी पूर्ण बसल्यावर मग टॉर्क रेंच. तो नसेल तर नव्या वॉशरच्या प्लगाला बोटांच्या पुढे अर्धा ते दोन तृतीयांश फेरा द्यावा, म्हणजे वॉशर हवा तेवढा चेपतो. तोच प्लग पुन्हा बसवताना वॉशर आधीच चेपलेला असतो, तेव्हा एक बारांश फेरा पुरे. घड्याळाचा काटा एका तासात सरकतो तेवढा. निमुळत्या बुडाच्या प्लगाला एक सोळांश. आणि टॉर्क रेंचवर आकडे न्यूटन-मीटरचे आहेत की पाउंड-फुटांचे, हे आधी पाहावे. २५ न्यूटन-मीटर लावायचे असताना २५ पाउंड-फूट लावले तर प्रत्यक्षात ३४ न्यूटन-मीटर होतात. असा पाना हाती असूनही हेड फोडल्याची उदाहरणे आहेत.

एवढी तयारी करून आम्ही पुन्हा त्या गॅरेजात गेलो. या वेळी कायदाही बरोबर होता. नुकसानीपोटी पगार कापावयाचा तर ते नुकसान थेट कामगाराच्या हयगयीने झालेले असावे लागते आणि कापण्याआधी त्याला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते, ही तरतूद १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात होती आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ती आली आहे. मालकाला आम्ही विचारले की आकडा भिंतीवर लावलेला नाही, मोजण्याचा पाना दिलेला नाही, ग्रीज लावण्याचा हुकूम वरून आलेला. मग यात हयगय कोणाची? मिस्त्रीला आम्ही दोष दिला नाही. प्लगांच्या खोक्यातला कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि म्हणाला, "हे आम्हांला कोणी सांगितलेच नाही." आम्हांलाही महिनाभरापूर्वी कोणी सांगितलेले नव्हते.

कपात थांबली. आधी कापलेल्या पैशांपैकी अर्धे परत मिळाले, उरलेल्यांसाठी भांडत बसण्यापूर्वीच पोऱ्याने विरारला दुसरीकडे काम धरले. गॅरेजात आता टॉर्क रेंच आहे. तो मालकाच्या टेबलाच्या खणात कुलपात असतो आणि मागावा लागतो. त्याबद्दल आमचे बोलणे अजून चालू आहे.